आत्मदहनाचा चौथा इशारा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका पंधरा ऑगस्टला, सकाळी पावणेआठच्या सुमारास, तहसील कचेरीच्या फाटकासमोर एका शेतकऱ्याने अंगावर रॉकेल ओतून घेतले. मी चार पावलांवर होतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या बातम्या तेव्हा मी पुण्याच्या एका दैनिकाला पाठवत असे.

शेतकऱ्याचे वय पन्नाशीचे. घराणे पूर्वी मेंढरांमागे फिरणारे. वडिलांनी वरवंडच्या बाजूला जमीन केली. गाव त्यांना आप्पा म्हणे. शेजाऱ्याने काट्या टाकून त्यांची शेताची वाट बंद केली होती. उसाची गाडी बाहेर निघत नव्हती. अर्जांचा उपयोग झाला नाही, तेव्हा आप्पांनी आत्मदहनाचा इशारा दिला.

अशा इशाऱ्याची रीत ठरलेली होती. दिवस पंधरा ऑगस्ट किंवा सव्वीस जानेवारी. निवेदनाची एक प्रत कचेरीला, एक पोलिसांना, एक वार्ताहराला. तीन ओळींची बातमी छापून येई. आदल्या संध्याकाळी पोलीस माणसाला घेऊन जात, चहा पाजत आणि झेंडावंदन उरकले की सोडून देत. तहसीलदार साहेब सुनावणीची नवी तारीख देत. आप्पांचे हे तीनदा झाले होते. तिन्ही बातम्या माझ्या होत्या. इशारा देणे हा त्यांचा हक्क आणि छापणे हे माझे काम, याबद्दल मला शंका नव्हती.

चौथ्या वेळी पोलीस आले नाहीत. महामार्गावर गॅसचा टँकर उलटला होता, सगळे तिकडे अडकले होते. आप्पा पिशवीत चादर आणि धोतर भरून ओट्यावर वाट पाहत बसले होते, हे त्यांच्या पत्नीने मला नंतर सांगितले. सकाळी ते स्वतःच एसटीने आले.

रॉकेल ओतताना त्यांचे लक्ष रस्त्याकडे होते. डबा रिकामा झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारले, "पोलीस कुठं हायती?"

"टँकरपाशी. आप्पा, घरी चला."

"पेपरात आलंय न्हवं? आता कुठल्या तोंडानं घरी जाऊ?"

झेंडावंदनाला जमलेल्यांतून एक दुकानदार ओरडला, "आप्पा, काडीपेटी इसरला व्हय? आमची देऊ का?"

लोक हसले. आप्पांनी बंडीच्या खिशातून काडीपेटी काढली. मी कॅमेरा टाकला आणि त्यांची दोन्ही मनगटे धरली. कचेरीच्या शिपायाने पिण्याच्या पाण्याचा माठ आणून त्यांच्या डोक्यावर रिकामा केला.

"लई उशीर केलात," आप्पा म्हणाले.

संपादकांनी फोनवर फोटो मागितला. हात मोकळे नव्हते, असे मी सांगितले. त्यानंतर अशा बातमीत मी मागणी पूर्ण देत असे. तारीख आणि जागा देत नसे. एका निवेदनकर्त्याने त्यावर मला घरी येऊन सुनावले, "मग आमचं भ्या कुणाला वाटणार?" मी पद्धत बदलली नाही.

आठवड्याभरात अधिकारी शेतावर गेले. पंचांसमक्ष काट्या काढल्या आणि वाट खुली झाली. आप्पांवर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवण्यात आला. त्यात पहिली साक्ष शिपायाची आहे, दुसरी माझी.