चकल्यांमधली जागा

दिवाळीआधी कुरिअरच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई होत्या. कॅनडातल्या लेकीला फराळ पाठवत होत्या. काउंटरवरच्या माणसानं चकल्यांचा डबा हलवून पाहिला. “काकू, मोडतील. मधे कागद भरू?”

“कागद काय करायचाय तिला?” म्हणत त्यांनी पिशवीतला चिवडा काढला आणि चकल्यांच्या फटींत मूठमूठ सोडला. मग डबा स्वतःच हलवून दाखवला. आवाज आला नाही.

मुलासाठी आणलेल्या माझ्या डब्यात लाडवांभोवती वर्तमानपत्राचे बोळे होते, मीच नीट ठासलेले. माणसं लांब जातात, त्याला इलाज नाही. पण मधली जागा कशानं भरायची, ते आपल्याच हातात असतं.

मी बोळे काढून टाकले.

“ताई, चिवडा उरलाय का थोडा?”