मंगळाचं परमिट

फोन आला तेव्हा मी महाडच्या बाजारात वालाच्या शेंगा निवडत उभा होतो. शेंगवाली मावशी "निवडताव काय, सगळ्या चांगल्या हायत" म्हणून करवादत होती, आणि फोनवर शांतारामदादाचा शेजारी सांगत होता, "दादा गेलं... सकाळी चाय घेतली, पडवीत बसलं, आनि बसल्याजागीच गेलं." शेंगा तिथेच टाकल्या आणि पोलादपूरची एसटी पकडली. दादाची वाडी आंबेनळी घाटाच्या वाटेवर. उतरून चढ चढताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आठ दिवसांपूर्वी वहिनींचा निरोप आला होता, "ह्ये म्हनतायत, सही रायलीय, येऊन जा." मी म्हटलं होतं, गुडघा दुखतोय, पुढच्या आठवड्यात येतो. आणि हा माझा पुढचा आठवडा!

कसली सही, ते सांगायचं तर कारखान्यापासून सुरुवात करायला हवी. महाडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही एकाच केमिकल कारखान्यात होतो. दादा जुना, मी नवाकोरा. तिथे रिॲक्टर म्हणजे दोन माणसं उंचीची पोलादी टाकी. ती साफ करायला माणूस आत उतरायचा, त्याआधी परमिट भरायचं. आत कुठला वायू आहे, हवा तपासली का, वीज तोडली का, आणि शेवटचा रकाना : बाहेर कोण उभा? तो बाहेरचा माणूस म्हणजे दादा. आतल्याच्या कमरेचा दोर त्याच्या हातात. बाहेरून एक झटका म्हणजे "हाय ना?" आतून एक झटका म्हणजे "हाय." आणि नियम असा, की पुढच्या पाळीचा माणूस येऊन दोर हातात घेऊन परमिटवर स्वतः सही करेपर्यंत आधीच्याने हलायचं नाही.

एकदा मी आत असताना पाळी सुटली, भोंगा झाला, पोलादपूरची बस निघून गेली. बदलीच्या माणसाची, म्हणजे रिलीव्हरची, मोटारसायकल वाटेत पंक्चर. दादा दोन तास जास्तीचा उभा राहिला. बाहेर आल्यावर मी शहाणपणा केला, "गेला असतात तरी चाललं असतं, काम संपतच आलं होतं." तो असा काही भडकला! "आनि दोर काय तुझ्या बापाच्या हातात देऊ? तो हाय का हितं?" माझा बाप तर मी शाळेत असतानाच गेलेला. हे कळल्यावर दादा ओशाळला आणि मला घरी जेवायला घेऊन गेला. त्या दिवसापासून तो माझा दादा.

निवृत्त झाल्यावर तो वाडीत शेती-म्हशी बघायला लागला. मुलगा-सून मुंबईला कामाला, त्यामुळे नात प्राजक्ता आजी-आजोबांकडेच वाढली. तिसरीत असताना एक दिवस तिने शाळेतून येऊन जाहीर केलं, मी मंगळावर जाणार. वहिनी म्हणाल्या, "आदी हंडाभर पानी आन, मंग जा कुठं जायचं तं." आम्ही सगळे हसलो. दादा मात्र हसला नाही. "जायचं तं जा. पन परमिट भरल्याबिगर मी कुनाला सोडीत नाय." दुसऱ्या दिवशी जुन्या दाराची फळी काळी रंगवून त्याने पडवीत टांगली. वर खडूने लिहिलं, मंगळाचं परमिट. खाली दोन रकाने, धोका आणि उपाय. तळाला एक ओळ : बाहेर कोण उभा?

मग काय विचारता! पुढची बारा-तेरा वर्षं मी महाडहून माहितीचे कागद काढून न्यायचो आणि आजोबा-नात त्यावर भांडायचे. पाण्याचं काय? पोरगी म्हणाली, तिथे लघवी गाळून तेच पाणी पितात. वहिनी "शीऽऽ, मेल्यांनो" म्हणून उठून गेल्या. दादा खूश. "आपन कारखान्यात वापरलेला सॉल्व्हंट गाळून परत घेतो, तसंच की!" प्रवासात वजन नाहीसं होऊन हाडं झिजतात, हे ऐकल्यावर त्याचा उपाय तयार होता, रोज दोन भारे गवत वाहायचं. "आजोबा, तिथे भाऱ्यालासुद्धा वजन नसतं!" बिचाऱ्याने तो उपाय फळीवरून पुसून टाकला. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचं विषारी रसायन असतं हे वाचल्यावर मात्र त्याला गाववाला भेटल्याचा आनंद झाला. "ह्येला मी वळखतो. तिथं नाचनी पेरायची तं माती धू धू धुवाय लागंल." आणि परत यायचं म्हणजे पृथ्वी-मंगळाची गाठ जमून यावी लागते, ती संधी सव्वीस महिन्यांनी, हे कळल्यावर म्हणाला, "आयला, आपली येष्टी बरी. चुकली तं उद्याला हाय." उपाय सापडला की तो धोका खोडायचा, पण घातक किरणांचा धोका त्याने कधीच खोडला नाही. "ह्याचा उपाय अजून त्या मोठ्या लोकांकडं पन नाय," म्हणायचा. खोटी खूण करणं त्याला जमायचंच नाही.

एकदा मात्र गंमत झाली. मंगळ लांब गेला की तिथला निरोप इथे यायला वीसेक मिनिटं लागतात. याची सवय व्हावी म्हणून दादा गोठ्यात मंगळवासी होऊन बसला आणि पोरगी घरात पृथ्वी. कुणी काही बोललं तर वीस मिनिटांनीच ऐकू आलं असं धरायचं. तेवढ्यात म्हैस सुटून तरव्यात शिरली, लावणीसाठी वाढवलेल्या भाताच्या रोपांत. वहिनी ओरडतायत, "अवो, म्हैस! म्हैस!" आणि हा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलेला! वीस मिनिटांनी उठला तोवर म्हशीने निम्मा तरवा फस्त केला होता. त्या रात्री वहिनींनी त्याला नुसता भात वाढला. मला म्हणाला, "सुभाष, एक कळलं बघ. तिथली म्हस हितनं हाकलता येत नाय. जो तिथं हाय त्यानंच ठरवायचं." आणि तो कोरडा भात कालवत, "म्हंजी पोरीला आत्तापासून एकटीनं ठरवाय शिकवलं पायजे."

आणि शिकवलंही. अंतराळयानाचं शिक्षण घ्यायला ती जर्मनीला निघाली तेव्हा सगळी वाडी नको म्हणत होती. एकटा दादा म्हणाला, "जा." मग फळीकडे बघून हळूच, "पन परमिट अपुरं हाय." तळाची ती ओळ अजून कोरी होती. मी चेष्टेने म्हटलं, "तूच उभा आहेस की!" तो म्हणाला, "तिची पाळी किती लांबची, आनि माझी किती उरलीय रे?" मी विषय बदलला. दर रविवारी तिचा फोन यायचा. पहिला शब्द, "आजोबा, हाय ना?" याचा, "हाय."

दादा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ती पोचली. शेवटचं तोंड दिसलं नाही. तेराव्याला पाहुणे गेल्यावर म्हणाली, "काका, मी परत जात नाही. आजी एकटी... आणि आता तिकडून 'हाय ना' विचारू तरी कुणाला?" मी उठून पडवीत येऊन उभा राहिलो. फळीवर दादाचा टॉवेल अडकवलेला होता, कुणी काढला नव्हता. मी तो काढला. तळाच्या ओळीत दादाच्या अक्षरात लिहिलेलं होतं : पहिली पाळी – शांताराम. त्याखाली : दुसरी पाळी – आणि पुढे कोरं. खडू वरच्या कडेवर ठेवलेला.

मला भडभडून आलं. ही सही राहिली होती. ज्या माणसाने माझ्यासाठी दोन तास जास्तीचा दोर धरला, त्याची बदली करायला मला आठ दिवसांत वेळ झाला नाही. गुडघा म्हणे! मी प्राजक्ताला बोलावलं, सगळं सांगितलं आणि तिच्यासमोर खडू उचलून सही केली. "रिलीव्हर उशिरा आला, दादा," एवढंच बोलता आलं. पोर माझ्या गळ्यात पडून रडली. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "झालं ना परमिट पुरं? मंग जा गो बाय. मी काय मंगळावर नाय, वाडीत धा घरं हायत. म्हशी मी बघते."

ती गेली. आता रविवारचा फोन मला येतो. "काका, हाय ना?" मी "हाय" म्हणतो आणि मग महिन्यातून एकदा तरी, गुडघा दुखो न दुखो, चढ चढून वहिनींकडे जाऊन येतो. फळी जागेवरच आहे. वहिनी झाडताना तिला फडका लागू देत नाहीत. माझंही वय झालं आहेच. म्हणून परवा गेलो तेव्हा माझ्या नावाखाली आणखी एक ओळ आखून ठेवली. तिसरी पाळी – आणि पुढे कोरं. खडू कडेवर आहे.