डोळ्यांनी लिहिणारे शेजारी

सक्करदऱ्यातले माझे शेजारी आजारानं मानेखाली लुळे पडले होते. वाचाही गेली होती. समोरचा कॉम्प्युटर त्यांची नजर ओळखायचा. ज्या अक्षरावर ती थांबे, ते पडद्यावर उमटे. मशीन ‘मला’ सुचवी, तर ते हट्टानं खोडून ‘मले’ लिहीत. त्यात अख्खं मिनिट जाई.

परवा धंतोलीहून डॉक्टर त्यांच्या घरी आले, तेव्हा मीही तिथंच होतो. शेजाऱ्यांचा श्वास अपुरा पडत होता. “गळ्यात नळी बसवायची का?” असं विचारून ते कागद चाळू लागले. शेजाऱ्यांची नजर सावकाश फिरली. ‘नळी नको. बहुत झालं.’

वहिनींनी वाचलं आणि पडदा भिंतीकडे वळवला.

“यायले काही समजून नाही राहिलं, डॉक्टर. बसवा तुम्ही.”

शेजाऱ्यांचे डोळे माझ्यावर येऊन थांबले. मीही वाचलं होतं. मी गप्प राहिलो.