बाकीच्या 'इतर महिला'

आज पोलादपूरला बचत गटाच्या बायकांचा सत्कार होता. वार्ताहराने मोबाईलवर एक फोटो काढला आणि निघाला.

"नावं?" मी विचारलं.

"पाहुण्यांचं आहे ना मॅडम. बाकीच्या 'इतर महिला'."

माझं डोकं फिरलं. निवृत्त होईपर्यंत मीही इथल्या वर्तमानपत्रासाठी फोटो काढले. फिल्मचा रोल पाकिटात घालून कचेरीत पोचवायला एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, पण त्याआधी डावीकडून एकेकाचं नाव वहीत उतरवायचं. मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर हजेरीत एकही नाव गाळत नसत, ती सवय.

"उघड वही," मी त्याला म्हटलं आणि एकेकीला नाव विचारत गेले. तिसरी म्हातारी नाव सांगेना, नुसती हसत राहिली.

"माझं नाव तू लिवलं व्हतंस गो. उमरठला नळ आला तवा. कात्रण अजून देवाऱ्यात हाय."

मला तिचं नाव आठवेना. एवढा आवाज चढवून झाल्यावर खालच्या आवाजात पुन्हा विचारावं लागलं.

"भागीरथी," ती म्हणाली. "आता इसरू नको."

त्याने सगळी नावं लिहून घेतली आहेत. उद्या छापून येतात का, बघते.

तुमच्या घरी आहे का असं एखादं कात्रण? त्यात तुमच्या आईचं नाव आहे, की तीही 'इतर'?