मायचं रडणं आणि मिसबाईचं गाणं

धुळ्याच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली, माझी ट्रंक टपावर चढली, आणि माय रडली नाही. आबा रडले. मावशी, जिला सगळं गाव अक्का म्हणतं, ती तर पदराचा बोळा तोंडात कोंबून हुंदके देत होती. पोरगी जर्मनीला निघालेली, पुन्हा कधी दिसेल देव जाणे, आणि माय आपली कोरड्या डोळ्यांनी गाडीच्या चाकाकडे बघत उभी. अक्का तिच्यावर खेकसली, "दगड शे का तू?" माय एवढंच म्हणाली, "मन्ह रडणं व्हई गयं." माझं रडणं झालं. मग मला म्हणाली, "जाय. मागे नको पाहू."

मी पाहिलं नाही. ती असं का म्हणाली, ते माझ्याशिवाय त्या स्टँडवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखेच नाशकाला, सुरतेला, परदेशात पांगलेल्यांनो, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. एकोणीसशे सत्तर साल लागायच्या आधीची आहे. मी धुळ्यात मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. शनिवारी शिंदखेड्याची गाडी धरून गावी यायचे, रविवारी परतायचे. दवाखान्यात एक जर्मन मिसबाई होत्या. माझी जर्मनीतली नोकरी त्यांनीच ठरवली. त्यांच्या डोक्यात आलं, की गुड फ्रायडेच्या आठवड्यात धुळे आणि जळगाव दोन्हीकडच्या चर्चच्या मंडळींनी मिळून मोठं गायन करायचं. त्यांच्या देशातल्या, तेव्हाच्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका संगीतकारानं मेलेल्यांसाठी आणि मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना बांधलेली होती, चार आवाजांची. शब्द मराठीत बसवून घेतले. जळगावचे लोक रविवारी तालमीला यायचे. त्यांचे खालच्या पट्टीतले गडी सुरात लागले नाहीत की आम्ही म्हणायचो, "केळी खाऊन गळा बसला वाटतं!" ते म्हणायचे, "तुमच्या धुळीपेक्षा बरं."

हसणं एवढंच. ते गाणं काही हसण्यासारखं नव्हतं. खालून, अगदी जमिनीतून आल्यासारखं सुरू व्हायचं आणि हळूहळू अंगावर यायचं. मला ते इतकं लागलं, की मी शनिवारी घरी भाकरी थापतानाही गुणगुणायला लागले. माय जात्यावरून उठून धावतच आली आणि पिठाच्या हातानंच तिनं माझं तोंड दाबलं. "काय म्हनी राहिनी? मरणनं गानं ना? घरमा नको म्हनू, पोरी. घरमा बठ्ठा जित्ता शेतस." घरात सगळे जिवंत आहेत, म्हणाली.

आमच्याकडे पद्धतच तशी. मरणाची गीतं तिरडी उचलली की म्हणायची, एरवी ओठांवर आणायची नाहीत. आम्ही ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या, पण बायकांनी आपलं जुनं सोडलं नव्हतं. आईबाप गेले की सासरी गेलेली लेक गावाच्या शिवेवर गाडीतून उतरते आणि तिथूनच हेल काढून रडत घरापर्यंत येते. पाळकसाहेब रागवायचे. बायका मान हलवायच्या आणि पुढच्या मरणाला तस्सं रडायच्या. त्यांचं म्हणणं असं, की ज्या मायला लेक रडत नाही, तिचं मढं जड होतं, खांदेकऱ्यांना उचलवत नाही.

त्या रात्री जेवताना माय मध्येच म्हणाली, "तू तठे जाशी. मी मरसू तव माले कोन रडी?" मी मेल्यावर मला कोण रडणार, असं. आबांनी ताट सरकवलं. "गप वं! पोरगी जाई राहिनी आन तू काय बोली राहिनी?" त्या दिवसापासून मायचं लक्षण मला बरं दिसेना. चांगली पितळी भांडी अक्काला देऊन टाकली. अंगणातली तुळशीएवढी जपलेली मोगऱ्याची कुंडी शेजारणीला दिली. विचारलं तर म्हणायची, "मोकळं बरं वाटस." आणि ज्या गाण्यापायी तिनं माझं तोंड दाबलं होतं, त्याबद्दल खोदून खोदून विचारायला लागली. कुठे म्हणणार? तू उभी कुठे राहणार? तुझा आवाज मला ओळखू येईल ना?

गायनाच्या दिवशी धुळ्यात नुसती वावटळ सुटली होती. आमच्या देवळाची, म्हणजे चर्चची, दारं लावून घेतली तरी बाकांवर धूळ बसत होती, दिवे सारखे मिणमिणत होते. आम्ही रांगेत उभे राहिलो आणि मी पाहिलं, माय पहिल्या बाकावर येऊन बसली आहे. तिच्या अंगावर हिरवं कोरं लुगडं होतं. ते लुगडं तिनं आपल्या मरणासाठी घेऊन ठेवलेलं होतं, ट्रंकेत तळाशी, कडुलिंबाचा पाला घालून. त्याला आम्ही हातसुद्धा लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती.

मिसबाईंनी हात वर केला. गायचं तर होतंच. मी गायले, पण डोळे त्या लुगड्यावरून हलेनात. मायनं डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढला, हात पोटावर जुळवले आणि शेवटपर्यंत हलली नाही. माझा आवाज फाटला, डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारी गाणारी बाई मला चिमटे काढत होती. लोकांना वाटलं, काय भाव ओतला पोरीनं!

बाहेर आल्यावर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "चांगली रडनी तू. आते माले कोनी रडनं नही तरी चाली."

"माय, ते रडणं नव्हतं! गाणं होतं ते!" मी ओरडलेच.

"तेच ते," ती म्हणाली, आणि आबांच्या मागे चालायला लागली.

जर्मनीतल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात तार आली. मी वॉर्डात होते, पेशंट "श्वेस्टर रूथ, श्वेस्टर रूथ" करत होते, नर्सला इथे तसंच म्हणतात. तारेत मायचं दफन झाल्याचं लिहिलं होतं. इथे दुपारी 'रूहेत्साइट' असते, म्हणजे त्या वेळात खिळासुद्धा ठोकायचा नाही. खोलीवर जाऊन हेल काढून रडले असते तर खालच्या मजल्यावरच्या म्हातारीनं पोलीस बोलावले असते. उशीत तोंड खुपसलं, पण आमचं रडणं उशीत मावणारं नाही. तेच गायन इथल्या चर्चमध्ये दर नोव्हेंबरला होतं. लोक कोट सावरत येतात, ऐकतात, नंतर केक खातात आणि ट्रॅमनं घरी जातात. कुणाला भीती वाटत नाही. मला मात्र पहिल्या बाकाकडे बघवत नाही.

पुढे सुट्टी मिळाली तेव्हा गावी आले. ते रडणं मी तसंच धरून ठेवलं होतं. गाडी शिवेवर थांबली, अक्का आणि भावकीतल्या बायका सामोऱ्या आल्या होत्या. मी उतरले, ऊर भरून आला, तोंड उघडलं, आणि अक्कानं पुढे होऊन माझा दंड धरला.

"नको, पोरी. तुनी माय बठ्ठ्यास्ले सांगी गयी. रूथाले शिववर रडाऊ नका, ती धुयाले रडी चुकनी." म्हणजे धुळ्यालाच माझं रडून झालंय.

बायकांनी माझी बॅग घेतली. कुणी पाणी दिलं, कुणी विचारलं, तिकडे थंडी फार असते का गं. मी त्यांच्यामधून घरापर्यंत चालत गेले, तोंड मिटून.

तुम्ही विचारता, आता तुझं घर कुठलं? काय सांगू! जिथे माझं रडणं अजून बाकी आहे, ते माझं घर. आणि तिथे मला कुणी रडू देत नाही.