तीन दिवस गैरहजर

आमच्या कॉलेजात कुणी सलग तीन दिवस आलं नाही, की ते नाव माझ्या टेबलावर येतं. मग फोन करायचा, भेटायचं, समजूत काढून परत वर्गात बसवायचं. मोहालीतल्या या करिअर कॉलेजात माझं हेच काम. सांगलीला आई शेजारणींना सांगते, ‘पोरगी मोठ्या हुद्द्यावर आहे, दिवसभर फोनवर बोलते.’ आता एकेका फोनमागे एकेक किस्सा. इतके साठलेत, की कुठून सुरू करू असं झालंय.

*

पहिल्याच आठवड्यातला घ्या. एकाला फोन लावला.

“बेटा, तीन दिवस आहेस कुठे?”

पलीकडून कुजबुजत उत्तर आलं, “मॅम, क्लास में. लास्ट बेंच. आप दरवाज़े में खड़ी हो.”

हजेरीचं कार्ड मशीनला लावायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

*

गुरलीन लॅब टेक्निशियनच्या कोर्सला होती. रक्त दिसलं की तिला चक्कर यायची. दोनदा वर्गात कोसळली आणि कॉलेज सोडण्याचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली.

हरप्रीत मॅडम, आमच्या लॅब शिकवणाऱ्या, म्हणाल्या, “हिला सुई नका देऊ. पेशंटशी गप्पा मारायला बसवा.”

गुरलीन बोलायला जबरदस्त. पेशंटचं गाव, सून, गुडघे, सगळं काढून घ्यायची. महिन्याभरात तिच्याच लक्षात आलं, की बोलत असताना तिला चक्कर येत नाही. मग हळूच एक दिवस सुईही हातात घेतली.

परवा एक आजोबा घाबरून तिला विचारत होते, “बेटा, सुई कधी टोचणार?”

“बाबाजी, कापूस दाबून धरा. झालं काढून.”

*

रोहित टूरिझमचा. घरी फोन केला तर वडील म्हणाले, “तो तर रोज नऊला निघतो.” शोधत शोधत चंदीगडच्या सेक्टर ४३च्या बस स्टँडवर पोचले. तिथे हा बाकड्यावर.

“मॅम, सगळे फाडफाड इंग्लिश बोलतात. मला नाही जमत.”

तेवढ्यात एका बाईंनी त्याला शिमल्याची बस विचारली. त्याने बस, वेळ, फलाट, वाटेत जेवायला कुठे थांबते, सगळं सांगितलं. मग मनालीवाला आला, मग कटऱ्याचं कुटुंब. तीन दिवसांत पठ्ठ्याने सगळं टाइमटेबल पाठ केलं होतं!

पुढच्या सोमवारी अख्खा वर्ग स्टँडवर नेला. शिकवलं रोहितने, पंजाबीत. इंग्लिशवाले वहीत उतरवून घेत होते.

*

वैष्णवी लातूरची. आल्यापासून रडत होती, बॅग भरून तयार. मी म्हटलं, “जायचं तर जा, पण रविवारी आमच्याकडे जेवून जा.” त्या रविवारी ती माझ्या मुलाला, ईशानला, मराठी शिकवायला बसली. दर रविवारी बसत राहिली. कोर्स पूर्ण केला, नोकरीलाही लागली.

आमचा ईशान आजवर मराठीला हिंदीत उत्तर द्यायचा. आता पुण्यात वाढलेल्या आपल्या बाबांना विचारतो, “बाबा, काय करलालाव?”

*

आणि परमजीत. वय एक्केचाळीस, नर्सिंग असिस्टंटचा कोर्स. घरात नवरा नाही, सासू नाही, फक्त पंधरा वर्षांची मुलगी, सिमरन. फॉर्मवर पालक म्हणून तिचाच नंबर.

परमजीत तीन दिवस आली नाही. पहिल्या चाचणीत नापास झाली होती. मी पालकांना बोलावलं. सिमरन शाळेच्या युनिफॉर्ममध्ये आली आणि आईला घेऊनच आली.

“मॅम, घरी अभ्यास करत नाही. पुस्तक उघडलं की हिला भांडी आठवतात.”

परमजीत खाली मान घालून उभी.

“आजपासून भांडी मी घासेन,” सिमरन म्हणाली. “ही रोज येईल. पक्का.”

परमजीत रोज आली. फायनलच्या दिवशी सिमरन गेटवर डबा घेऊन थांबलेली. आई बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, “सगळे सोडवलेस?”

“एक राहिला.”

“कोई गल नहीं. आधी खा.”

परमजीत पास झाली. सर्टिफिकेट घेताना पालकांची सही लागते. सिमरनने सही केली. पुढच्या रकान्यात पालकाचं विद्यार्थ्याशी नातं लिहायचं होतं. तिथे तिने लिहिलं, ‘आई’.

मी म्हटलं, “बेटा, उलटं लिहिलंस.”

तिने फॉर्म पुन्हा नीट वाचला.

“नहीं मॅम,” ती म्हणाली. “ठीक है.”