नाडा उलटा लावला

अकोल्याच्या जुन्या शहराला लागून, मोर्णेच्या काठी आमचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि गेलो तो त्या मळ्याच्या पाण्यावर. पाणी काढायचा माझा थोरला भाऊ, दादा.

विहिरीवर कातड्याची मोट होती. तिला बांधलेल्या अंबाडीच्या जाड दोराला नाडा म्हणत. बैल उतारावरून खाली जाऊ लागले की दादा मागे नाड्यावर बसायचा. त्याच्या वजनाने बैलांची ओढ हलकी व्हायची. सगळीकडे असेच बसत.

मोट कधी बदलायची हे बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, बरोबर कळायचे. जुन्या कातड्यातून पाणी गळते. वर येईपर्यंत किती गळले ते पाहून बा ठरवायचा, आणि त्याचे कधी चुकले नाही. नाड्याचे तसे नसते. तुटायच्या आदल्या खेपेलाही तो पहिल्या दिवसाइतकेच पाणी देतो. शिवाय आमच्याकडे नवा नाडा पोळ्यालाच यायचा, बैलांच्या नव्या साजाबरोबर.

त्या वर्षी नाडा चैत्रातच विरला. जेवताना दादाने विषय काढला.

"बा, मोटेकडचे पीळ सुटून राहिले. नवा आणू."

"पाणी कमी आलं काय?"

"नाही."

"मंग? पोळ्याच्या आधी बैलामागं कोरा दोर लावते काय कोनी?"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बैल तं काही बोलत नाहीत. पोरगा बोलून राहिला, त्याचं आयका."

"त्याले बसाले गादी पायजे," बा म्हणाला. दादाच आधी हसला.

तरी बाने मनावर घेतले होते. दुसऱ्या दिवशी त्याने नाडा सोडला आणि उलटा बांधला. विरलेले टोक जुवाकडे, चांगले टोक मोटेकडे. भार मोटेकडे लटकतो, बैलांकडच्या टोकाला नुसते ओढायचे काम, असा त्याचा हिशेब. दादाला तो पटला. मलाही पटला. आसपासच्या मळ्यांतही लोक असेच करत.

झेंडूला पाणी चालू होते. भरलेली मोट वर येत असताना नाडा जुवाच्या अगदी मागे, दादा बसला होता त्याच्या पुढे, तुटला. मोट विहिरीत कोसळली आणि अख्खा नाडा तिच्यामागे धावला. दादाचा पाय त्यात अडकला. तो उतारावरून उलटा, विहिरीच्या दगडापर्यंत फरफटत गेला. बैल खाली तसेच उभे होते.

सरकारी दवाखान्यात पुष्कळ दिवस ठेवले. खुब्याचे हाड जुळले, पण वाकडे. मोर्शीकडे त्याची सोयरीक ठरली होती, त्यांचा नकाराचा निरोप आला. नवा नाडा त्याच आठवड्याच्या बाजारातून आणला. पोळ्याचे नाव कोणी काढले नाही. मोट बा स्वतः हाकू लागला, आणि दादा ओसरीवर बसून झेंडूचे हार करू लागला.

पुढे मी अमरावतीला कॉलेजात गेलो. फीचे पैसे त्या हारांतूनही यायचे. तिथे सरांनी फळ्यावर एक दोर काढून दाखवले की ताणलेल्या दोरावर इथून तिथून ताण सारखाच असतो. जिथे दोर अशक्त, तिथेच तो तुटतो, मग ते टोक कोणत्याही बाजूला असो. दिवाळीच्या सुटीत मी हे घरी सांगितले. शिकलेले घरच्यांच्या कामी यावे असे मला फार वाटायचे.

दादा सुईत दोरा ओवत म्हणाला, "तुह्या सरांले थोडं आधी काहून नाही भेटला तू?"

बा हसला नाही. "म्हंजे उलटा करून काहीच फायदा नव्हता?"

"नाही, बा."

"अन् उलटा केला नसता तं?"

याचे उत्तर मला ठाऊक होते. नाडा मोटेकडे तुटला असता, तर मोट एकटी विहिरीत गेली असती. दादा जागच्या जागी मातीत पडला असता आणि कपडे झटकत उठला असता. बाचा चेहरा पाहून कळले, की हा प्रश्न त्याला आज पडलेला नव्हता.

मी बोलायच्या आत दादा म्हणाला, "तं तिकडून तुटला असता. मी तरी बी फरफटलोच असतो. नाड्यावर बसेल मानूस कुठी जाते?"

बा माझ्याकडे वळला. "तू शिकेल हायस. खरं सांगून राह्यला काय हा?"

दादाने मान वर केली नाही. सुई तेवढी थांबली.

"खरं आहे, बा," मी म्हणालो.

बा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. दादाने पुढचे फूल घेतले.